खडीकरण ते डांबरीकरण

खेड्यातला रस्ता एका दमात होत नाही. आधी पाऊलवाट असते. कुणाच्या तरी पाठपुराव्याने तिच्यावर मुरूम पडतो, मग एखाद्या मार्चअखेरीला खडीकरण होतं, आणि त्यानंतर एक-दोन निवडणुका गेल्या की डांबरीकरण. वेशीवरच्या फलकावर सगळं लिहिलेलं असतं: योजनेचं नाव, लांबी, मंजूर रक्कम, ठेकेदार, दोषदायित्व कालावधी. खडी पडली आणि डांबर आलं नाही, अशा मधल्या अवस्थेत जो रस्ता काही वर्षं अडकून पडतो, त्याच्यावर माझं पोट चालतं.

मी निगडीतल्या एका सायकल दुकानात काम करतो. निम्मा वेळ ब्रेक-गिअर जुळवण्यात जातो आणि उरलेला रस्ते शोधण्यात. ग्रॅव्हल बाईक नावाची सायकल आता आपल्याकडेही बऱ्यापैकी विकली जाते. दिसायला ती शर्यतीच्या सायकलीसारखीच, खाली वळलेल्या हँडलची. पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद आणि त्यात हवा कमी. डांबरावर ती पळते आणि कच्च्या रस्त्यावरही हाडं खिळखिळी करत नाही. ती घेणारे बहुतेक चाकण-तळेगावच्या मोठ्या कारखान्यांतले इंजिनिअर. पैसे आहेत, सायकल आहे, पण जायचं कुठे हे माहीत नाही. ते मी सांगतो, आणि बऱ्याचदा पुढे राहून नेतोही.

त्याआधी मी भोसरीत एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये क्वालिटीला होतो. शाफ्ट, बुश, फ्लँज हातात घेऊन दिवसभर पृष्ठभाग बघायचा, गेज लावायचा, चाललं तर पुढे, नाही तर रिजेक्ट. ती सवय रस्त्यावर उपयोगी पडते. माझ्या पाठपिशवीत अजूनही सहा इंची स्टीलची पट्टी असते आणि मी खरोखरच खाली बसून खडी मोजतो. लोक हसतात. पण पंचवीस मिलिमीटरच्या खडीवरून जाणारं टायर साठच्या खडीवर नुसतं आपटत राहतं, आणि गटातला पन्नाशीचा माणूस संध्याकाळी मनगट धरून बसतो. हा फरक नकाशावर दिसत नाही. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही रस्ते सारखेच तपकिरी.

खडीकरणाची कृती दोनशे वर्षं जुनी आहे. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की खाली मोठमोठे धोंडे रचायची गरज नाही. धारदार कोनांची फोडीव खडी थराथराने पसरून दाबली की ती एकमेकांत अडकते आणि वजन पेलते. आपल्याकडे त्यात फटी बुजवायला मुरूम येतो, वरून पाणी आणि रोलर. पाणी पुरेसं मारलं नाही, किंवा रोलरच्या फेऱ्या कागदावरच झाल्या, की पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो आणि खडी दात काढून उभी राहते. म्हणून ताजं खडीकरण सायकलीला नकोच. दुसरा हिवाळा चांगला. तोवर ट्रॅक्टरच्या आणि दुधाच्या टेम्पोच्या चाकांनी दोन गुळगुळीत चाकोऱ्या पडलेल्या असतात, मधे गवताची पट्टी. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत त्याही उखडतात. एका रस्त्याचं चांगलं आयुष्य एवढंच, आणि ते कधी चालू आहे हे हेरणं हेच माझं काम.

आणि हो, या सगळ्यापर्यंत पोहोचण्याआधी औद्योगिक पट्टा पार करायचा असतो. बाहेरचे लोक विचारतात, जंगलात काट्याने पंक्चर होत असेल ना? होतं, बाभळीच्या काट्याने होतंच. पण आमची जास्त पंक्चरं महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे ओलांडायच्या आत होतात. भंगाराच्या ट्रकमधून सांडलेलं टर्निंग, म्हणजे लेथवरून निघालेली पोलादाची वळवळीत बर, रस्त्याच्या कडेला मातीत मिसळून असते. त्याहून वाईट म्हणजे फुटलेल्या ट्रकटायरमधली केसाएवढी तार. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला टोचते तेव्हा कळते. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगेतून सायकल काढण्यापेक्षा मी गट शिंदे-वासुलीकडून नेतो. तिथे भामचंद्र डोंगर आहे, तुकोबांच्या चिंतनाची जागा. त्याच्या पायथ्यापर्यंत एमआयडीसी आली आहे. एका बाजूला वारकऱ्यांची वाट आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडा, यांच्या मधून आम्ही भामा आसखेडच्या जलाशयाकडे निघतो.

आमचा मुख्य दिवस गुरुवार. भोसरी-पिंपरीच्या बऱ्याच कारखान्यांना विजेचा भार वाटून देण्याच्या जुन्या व्यवस्थेमुळे गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. पुण्याच्या लोकांना हे विचित्र वाटतं, पण रविवारी लोणावळा, पवनानगर, मुळशी इथे जी जत्रा भरते तिचा गुरुवारी मागमूस नसतो. भुशी धरणाच्या रस्त्यावर गुरुवारी म्हशी असतात. या एका कारणासाठी मी मोठ्या कारखान्यांतल्या रविवारवाल्या साहेबांना रजा टाकून या असं सांगतो. काही खरंच टाकतात.

सगळ्यात जास्त मी गेलो असेन ते आंदर मावळात. कान्हे फाट्यावरून आत वळलं की टाकवे बुद्रुक, वडेश्वर, आणि मग डावीकडे-उजवीकडे ठोकळवाडीच्या जलाशयाचे फाटे. हे धरण टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रासाठी बांधलं गेलं. केंद्र १९२२ साली सुरू झालं. आंध्रा नदीचं पाणी खरं तर पूर्वेला इंद्रायणीत जायचं. ते अडवून पश्चिमेला घाटाखाली सोडलं, वीज केली, आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. खाली मुळशीला याच कामासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. बापटांना ‘सेनापती’ हे नाव तिथूनच मिळालं. घाटमाथ्यावरचे अनेक रस्ते समजून घ्यायचे तर हे ठाऊक हवं. तळं आलं की जुनी सरळ वाट बुडते. गावं वर सरकतात. मग नवा रस्ता पाण्याच्या प्रत्येक बोटाला वळसा घालत जातो. पलीकडची वाडी हाकेच्या अंतरावर दिसते आणि जायला दहा किलोमीटर लागतात. सायकलवाल्याला असा नागमोडी, पाण्याकाठचा, वर्दळ नसलेला रस्ता म्हणजे पर्वणी. रोज जाणाऱ्याला तो वळसा आहे.

एकदा असाच एक गट घेऊन मी तिकडे होतो. भातं कापून झालेली, खाचरांत बुडखे, आणि रस्त्याच्या कडेला पेंढ्या रचलेल्या. एका मंदिराजवळ पाणी भरायला थांबलो. सकाळचे साडेआठ-नऊ असतील. समोरून मोटारसायकलवर एक पोरगा आला, पाठीला बॅग, डोक्याला रुमाल, डोळे लाल. तिसरी पाळी करून घरी निघालेला. आम्हाला ओलांडून पुढे गेला, थांबला, मागे वळला.

“सर, तुम्ही? गाडी बंद पडली का?”

आमच्यातले एक इंजिनिअर त्याच्याच कारखान्यातले निघाले. त्यांच्या लाइनवरचा कंत्राटी मुलगा.

“नाही रे, सायकलिंगला आलोय.”

“इकडं? इकडं रस्ता नाही सर.”

“नाही म्हणूनच आलोय,” ते हसत म्हणाले.

तोही हसला. हसण्यात कडवटपणा नव्हता, उलट घरी चहाला चला म्हणून मागे लागला. आम्ही गेलो. त्याच्या आईने काळा चहा आणि तांदळाची भाकरी दिली, सोबत खर्डा. बोलता बोलता त्याने सांगितलं की पावसाळ्यात या खडीवर दुसऱ्या पाळीहून रात्री बारा-एकला येताना पुढचं चाक कसं सुटतं, आणि चुलत्याच्या दुधाच्या किटल्या दोनदा कशा सांडल्या. डेअरीची गाडी वेळेची पक्की, थांबत नाही. एसटी पावसाळ्यात अलीकडच्या फाट्यावरूनच परत जाते. हे सगळं तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. हवापाणी सांगावं तसं. परतीच्या वाटेवर ते इंजिनिअर माझ्या शेजारी सायकल चालवत होते. टाकवं येईपर्यंत गप्प. मग म्हणाले, “जुलैमध्ये त्याच्या उशिराच्या नोंदी माझ्याच सहीने वर गेल्या होत्या.” मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काय होतं? जो रस्ता मी दर माणशी पैसे घेऊन दाखवतो तोच हा.

ग्रॅव्हल सायकलिंगची जगभरची कथा इथे आठवते, कारण आमचे हौशी लोक ती सतत ऐकवत असतात. इटलीत टस्कनीच्या टेकड्यांवर पांढऱ्या मातीचे रस्ते आहेत. ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली गायोले नावाच्या गावातून जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली, लेरोइका. आज ती जगप्रसिद्ध आहे आणि ते रस्ते खरोखर वाचले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाहून २००६ पासून दोनशे मैलांची खडीवरची शर्यत होते. तिकडे तर मैलोन्मैल रस्ते खडीचेच. मग आमच्यातला एखादा भारावलेला माणूस म्हणतो, आपणही मावळातले कच्चे रस्ते वाचवायला हवेत, वारसा म्हणून. अशा वेळी माझा संयम सुटतो. टस्कनीच्या त्या शेतकऱ्याच्या दारात दुसरा पक्का रस्ता आहे. त्याची मुलगी बाळंतपणाला त्या पांढऱ्या रस्त्याने नेलेली नाही. वाचवायचा अधिकार त्याला, ज्याच्याकडे पर्याय आहे. आंदर मावळातल्या वाडीने डांबर मागितलं तर माझा धंदा तिथून उठला पाहिजे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काहीही नाही. वाटतं थोडं, ते वेगळं.

असं उठायची वेळ आलीही. जलाशयाच्या वरच्या अंगाला एका वाडीच्या रस्त्यावर मी पट्टी लावून बसलो होतो, तर एक म्हातारबाबा काठी टेकत आले.

“मोजणीला आला का सायेब?”

“नाही बाबा, सायकलवाला आहे मी.”

“मग पट्टी कशाला लावता? वहीत काय लिवता?”

मी वही दाखवली. कुठल्या तारखेला कुठे खडी उघडी पडली, कुठला मोरीचा पाइप फुटला, कुठे पाणी रस्त्यावरून जातं, सगळं किलोमीटरनिशी आणि फोनमध्ये फोटो. बाबा बराच वेळ पानं उलटत राहिले. मग मला सरपंचांकडे घेऊन गेले. सरपंच तरुण बाई, काम करणाऱ्या. त्यांनी सरळ विचारलं, “दादा, हे आम्हाला द्याल का? अर्जाला फोटो लागतात, आणि आमच्याकडे पावसाळ्यातले नाहीतच.” मी सगळं दिलं. जिल्हा परिषदेच्या अर्जाला माझ्या वहीची पानं जोडली गेली. शाळेपर्यंतचा भाग पुढे डांबरी झाला. त्यापुढचा वनखात्याच्या हद्दीत येतो. परवानगीचे कागद फिरत राहिले आणि तिथे खडी तशीच आहे. त्यामुळे माझा मार्ग निम्मा गेला, निम्मा उरला. सरपंचताई भेटल्या की म्हणतात, उरलेले फोटोही काढून ठेवा.

प्रत्येक कच्चा रस्ता असा वाट बघणारा नसतो, हेही सांगितलं पाहिजे. चाकणच्या पूर्वेला, पाबळ-केंदूरकडे, काही गाडीवाटा १९७२ च्या दुष्काळातल्या आहेत. तेव्हा सरकारी कामावर खडी फोडून लोकांनी घर चालवलं. त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. तिकडे काळी माती जास्त, त्यामुळे पावसाळ्यात सायकल नेऊ नये. टायर आणि फ्रेमच्या मधे चिखलाचा असा गोळा बसतो की चाक फिरायचं थांबतं आणि खांद्यावर सायकल घेऊन चालावं लागतं. उन्हाळ्यात मात्र सपाट, मोकळं, मोराचे आवाज.

दुसऱ्या टोकाला, भीमाशंकरच्या दक्षिणेच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांसाठी काढलेले रस्ते आहेत. सायकलवाल्याच्या नजरेने बघाल तर याहून चांगला ग्रॅव्हल सापडणार नाही. पवनचक्कीचं पातं वर न्यायचं म्हणजे लांबलचक ट्रेलर, म्हणून वळणं ऐसपैस. पण त्यासाठी डोंगर ज्या तऱ्हेने कापला ते बघवत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात या कामाबद्दल स्पष्ट लिहिलं आहे: तुटलेलं जंगल, न दाबलेला राडारोडा, त्यातून कोसळलेल्या दरडी, आणि खालच्या शेतांत व जलाशयांत उतरलेली दगडमाती. आमचे काही मेंबर तिकडे जाऊ या म्हणून मागे लागतात. मी गट नेत नाही. हे फार मोठं तत्त्व वगैरे नाही. मला तो रस्ता आवडेल याची खात्री आहे, आणि तसं व्हायला नको आहे.

डिसेंबरात एक लांबची फेरी असते, पाच-सहा दिवसांची, समुद्रापर्यंत. चिंचवडहून पौड, मुळशीच्या तळ्याकाठाने ताम्हिणी, आणि मग घाट उतरून विळे, माणगाव, म्हसळा. माथ्यावर पुणे जिल्हा संपतो आणि रायगड सुरू होतो. पाटी वाचायच्या आधी हवा सांगते. घाट डांबरी आहे, वेग येतो, ब्रेक तापतात, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मजा म्हसळ्याच्या पुढे. वरती सगळा काळा पाषाण, त्याचा मुरूम पिवळट, दाबला की बसतो. खाली जांभा. त्याची खर गोल दाण्यांची, टायरखाली गोट्यांसारखी घरंगळते. देशावर ऐटीत उतारावर सोडणारे भले भले सड्यावरच्या आमराईच्या वाटेवर आडवे होतात. म्हणून खाली उतरल्यावर मी सगळ्यांच्या टायरमधली हवा आणखी कमी करायला लावतो आणि पुढचा ब्रेक जपून धरा म्हणतो. निम्मे ऐकतात.

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला चिकटून आहे, फोटो सगळे तिथलेच काढतात. तिथे एकदा पोलिसांनी थांबवलं. आधार कार्ड, कुठून आलात, पिशवीत काय, ड्रोन आहे का. गटातले दोघं चिडले. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं याच शेखाडीला उतरली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर एक बेवारस बोट येऊन लागली आणि तिच्यात एके-४७ बंदुका निघाल्या. चौकशीत कळलं की मस्कतजवळ इंजिन बंद पडल्याने खलाशांनी सोडलेली ती नौका होती. घाटावरच्या माणसाला किनारा म्हणजे सुट्टी वाटते. तिथल्या हवालदाराला ती देशाची हद्द असते, आणि निर्मनुष्य वाटेने समुद्राकडे उतरणारे अनोळखी लोक हा त्याच्या ड्यूटीचा विषय असतो. आता मी गटाच्या नावांची यादी आधीच पोलीस ठाण्यात देतो. काम सोपं होतं, वर चांगली खानावळही कळते.

हरिहरेश्वर झालं की बागमांडल्याला सावित्रीची खाडी. जंगलजेटीवर, म्हणजे माणसं आणि गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, सायकली चढवायच्या, पलीकडे वेश्वी, रत्नागिरी जिल्हा. तिथे मासळीच्या टोपल्या, शाळेची पोरं, एखादा टेम्पो आणि आमच्या लाखाच्या सायकली एकाच लोखंडी तळावर उभ्या असतात. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं बोललं जातं. खाड्यांवरचे सगळे पूल उभे राहिले की इथला प्रवास मिनिटांवर येईल. जेटीवरच्या एका कोळीण मावशींना मी विचारलं, पूल हवा का? “हवा तर. पण जेटी बंद नको. पुलावर मासळी कोण उतरून घेईल माझी?” ही अडचण मला सुचलीच नसती.

या वर्षापासून दुकानाने माझ्या हाताखाली एक मुलगा दिला आहे. हुशार आहे, नकाशे, जीपीएस, चढाचे आलेख सगळं येतं. पहिल्याच दिवशी त्याने लॅपटॉपवर पंधरा मार्ग काढून आणले. मी त्याला घेऊन नवलाख उंब्रेच्या पुढे एका कामावर गेलो. रोलर उभा होता, ड्रायव्हर सावलीत डबा खात होता, यवतमाळकडचा माणूस. अशा माणसाइतकी माहिती तालुक्याच्या कचेरीतही नसते. खडी कुठल्या क्रशरची, पाण्याचा टँकर किती येतो, बिल निघालं की अडकलं, डांबराचा प्लँट कुठे लागलाय, पुढचं काम कुठल्या गावाला. त्याच्या शेजारी बसलो, आमचाही डबा उघडला. त्याने सांगितलं की हा तुकडा होळीच्या आत काळा होईल, पण पलीकडच्या खिंडीतल्या कामाचा ठेकेदार पळालाय, तिथे दोन वर्षं कुणी येत नाही. मुलाने पंधरापैकी चार मार्ग तिथेच खोडले आणि खिंडीचं नाव लिहून घेतलं. मग ड्रायव्हरने त्याला विचारलं, “रोलर चालवून बघतो का?” आणि तो चढला.